पायरीवरचे पाहुणे

गेल्या महिन्याचें टिपण छापून आल्यावर एका अपरिचित भगिनींचें पत्र मला आलें. पत्र लहान होतें. "घरांत कांहीं उणें नाहीं. मुलें मार्गीं लागलीं आहेत. तरी दुपारचीं भांडीं आवरून बसलें, कीं मन उगाच खालीं खालीं जातें. देवाचें नांव घेतें. पण तें ओठांवरच राहतें. आपण वडील आहांत, शिक्षक होतां. अशा वेळीं काय करावें, तें एकदां लिहावें." इतकेंच. खालीं सही होती. ती मीं झांकून ठेवली आहे.

शिक्षकाला कोणी प्रश्न विचारला, कीं उत्तर दिल्यावांचून त्याला अन्न गोड लागत नाहीं. मीं त्याच दिवशीं कागद पुढें ओढला, गीतेंतले दोन आणि भर्तृहरीचे तीन श्लोक उतरून काढले, आणि खालीं सुबोध अर्थ लिहिला. वाचून पाहिला. अर्थ बिनचूक होता. परंतु तो कागद पाकिटांत न घालतां मीं फाडून टाकला. कारण हेच पांच श्लोक दीड वर्षापूर्वीं चार भल्या माणसांनीं मला ऐकविले होते, आणि श्लोक खरे असूनहि त्या वेळीं त्यांतला एकहि माझ्या उपयोगीं पडला नव्हता. जें औषध आपणांस लागूं पडलें नाहीं, तें दुसऱ्याला कोणत्या तोंडानें द्यावें?

म्हणून या खेपेस श्लोक नाहींत. जें घडलें तेंच सांगतों.

दीड वर्षापूर्वींच्या पौषांत माझी पत्नी वारली. एकेचाळीस वर्षांचा संसार होता. पहिले पंधरा दिवस शोकाचे गेले. आणि कोणाला विचित्र वाटेल, पण ते दिवस तितकेसे कठीण नव्हते. घर माणसांनीं भरलेलें होतें, करावयाचीं कर्में होतीं, रडें आलें तर रडण्याला मोकळीक होती. पुढें मुलगा पुण्यास आणि मुलगी नाशिकास आपापल्या कामावर परतलीं. दोघांनींहि आपल्याकडे चलण्याचा पुष्कळ आग्रह केला. पण साक्रीचें घर मला सोडवेना. मग एके दिवशीं दुपारीं घर अगदीं शांत झालें, आणि औदासीन्य येऊन बसलें.

शोक निराळा आणि औदासीन्य निराळें, हें मला तेव्हां प्रथम कळलें. शोक बोलतो, आठवणी काढतो, प्रसंगीं देवावर रागावतो. औदासीन्य कांहींच करीत नाहीं. तें नुसतें बसून राहतें, आणि आपल्यालाहि बसवून ठेवतें. स्नान होई, संध्या होई. पण आचमन दोनदां झालें कीं तीनदां, हें ध्यानांत राहत नसे. स्वयंपाकघरांतली दिनदर्शिका जानेवारीवरच थांबली होती, कारण पान उलटण्याचें काम तिचें असे. संध्याकाळीं मुलाचा फोन येई. "बाबा, जेवलांत का?" "जेवलों." हें उत्तर आठवड्यांतून चार दिवस खरें असे. शेजारचा एक मुलगा दहावीच्या संस्कृतासाठीं माझ्याकडे येत असे, त्यालाहि मीं सांगून टाकलें, "आतां माझ्याच्यानें होणार नाहीं, दुसरीकडे जा." तो कांहीं बोलला नाहीं. पुस्तक छातीशीं धरून तसाच परत गेला.

आमच्या घराला तीन पायऱ्या आहेत. सर्वांत खालच्या पायरीवर एक भाजीवाली आपली पाटी उतरवून रोज घटकाभर विसावा घेते. ती जवळच्या खेड्यांतून येते, अहिराणी बोलते. ती आणि माझी पत्नी यांचें तेथें रोज कांहीं बोलणें होई. काय, तें मीं कधीं ऐकलें नव्हतें. त्या वेळीं आंत खुर्चीवर वर्तमानपत्र वाचीत बसण्याचा माझा परिपाठ. पत्नी गेल्यावरहि ही बाई नेमानें पायरीवर येऊन बसे आणि निघून जाई. मी दार उघडीत नसें.

माघांत एके सकाळीं तिनें हांक मारली. मीं ओ दिली नाहीं. तिनें पुन्हां मारली. तिसऱ्या हांकेला दार उघडावें लागलें. तिला लवकर वाटेला लावावें, म्हणून हातीं लागलें तें वांगें मीं उचललें. तें तिनें माझ्या हातांतून काढून घेतलें, तेवढ्याच आकाराचें दुसरें दिलें, आणि दोन्हीं तोलून पाहावयास सांगितलें. भरताचें वांगें डोळ्याला मोठें आणि हाताला हलकें असावें. जड तें बियांचें. जळगांवकडच्या भरताच्या वांग्याला आज भौगोलिक मानांकन मिळालेलें आहे. त्या खान्देशांत सारा जन्म घालवून ही गोष्ट मला सहासष्टाव्या वर्षीं कळली! मग तिनें कोथिंबिरीची एक जुडी पिशवींत कोंबली. "हाई लई जा," म्हणाली, आणि जुडीचे पैसे घेतले नाहींत.

आतां वांगें घरांत आलें, तेव्हां त्याचें कांहीं तरी करणें प्राप्त होतें. भरीत मीं आयुष्यभर खाल्लें होतें. केलें कधींच नव्हतें. वांगें जसेंच्या तसें शेगडीच्या जाळावर ठेवलें आणि समोर उभा राहिलों. त्याला आधीं टोचावें लागतें, वरून तेलाचें बोट फिरवावें लागतें, हें मला ठाऊक नव्हतें. पांच-सात मिनिटें तें गंभीरपणें काळें पडत गेलें, आणि मग फुटलें. आवाज असा झाला, कीं मी दोन पावलें मागें सरलों. गर भिंतीवर, माझ्या चष्म्यावर, आणि एक मोठा गोळा नेमका दिनदर्शिकेंतल्या जानेवारीवर. चौतीस वर्षें ज्यानें मुलांना 'विचार करून कृति करा' म्हणून सांगितलें, तो मी चष्म्याच्या गरांतून त्या वांग्याकडे पाहत राहिलों. आणि मला हंसूं आलें. साधें स्मित नव्हे. भिंतीला टेंकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत मी हंसलों.

हंसतां हंसतां, हें तिला सांगावें म्हणून मी माजघराकडे वळलों.

पुढचें वाचकांना सांगावयास नको. हंसणें तेथेंच अडकलें. त्या रात्रीं मला झोंप आली नाहीं. तिला जाऊन पुरते दोन महिने झाले नाहींत, आणि मी एका वांग्यापायीं घर दुमदुमवून हंसलों! ही कसली निष्ठा? मला माझीच लाज वाटली. औदासीन्याचा हा एक कावा मला आतां कळतो. तें आपल्याला सांगतें, कीं तूं खिन्न राहणें हेंच त्या माणसाचें ऋण फेडणें आहे. मग एखादा उजळ क्षण आला, तर आपणच त्याला दारांतून परत लावतों.

दुसऱ्या दिवशीं भाजीवालीनें भरताची चौकशी केली. मीं घडलें तें सांगितलें. तीहि हंसली, आणि वांगें टोंचून कसें घ्यावें तें नीट समजावून दिलें. मग पाटींतून मेथीच्या जुड्या काढतां काढतां, पायरीवरची धूळ पदरानें झाडून ती म्हणाली, "बठा ना, गुरुजी."

घर माझें, पायरी माझी, आणि बसण्याचें आमंत्रण तिचें! मी बसलों. खरें सांगतों, त्या पायरीवर मी त्यापूर्वीं कधीं बसलों नव्हतों. मास्तरानें खुर्चीवर बसावें, फार तर ओटीवर. पायरीवरून गल्ली निराळीच दिसते. तेथून माणसांचीं डोकीं दिसत नाहींत, पाय दिसतात: शाळेला उशीर झालेले पाय, ओझ्यानें दाबून पडणारे पाय, नव्या चपलेला जपणारे पाय. सुरतेच्या रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकांची घरघर येथें जमिनींतून ऐकूं येते. तिनें एक मेथीची जुडी माझ्या हातांत दिली आणि पिंवळीं पानें काढावयास सांगितलीं. ती आपल्या सुनेविषयीं, पाण्याविषयीं, कांद्याच्या भावाविषयीं बोलत होती. माझ्या दुःखाविषयीं तिनें एक अक्षर काढलें नाहीं. अर्ध्या तासानें ती उठली, तेव्हां माझ्या ध्यानांत आलें, कीं तेवढा अर्धा तास मी मलाच विसरलों होतों. बोटांना मेथीचा वास लागला होता. तो दुपारपर्यंत राहिला.

तिसरी गोष्ट फाल्गुनांतली. शालान्त परीक्षा चारच दिवसांवर आली होती. संध्याकाळीं दार वाजलें. तोच शेजारचा मुलगा. मीं येऊं नको म्हटलें होतें, म्हणून तो उंबऱ्याबाहेरच उभा राहिला आणि एका दमांत म्हणाला, "गुरुजी, एकच शब्द विचारतों आणि जातों. 'उदासीन' हें पद कसें सोडवायचें?"

व्याकरणाचा प्रश्न दारांत उभा असतां त्याला परत लावणें मला शक्य नव्हतें. मीं त्याला आंत घेतला. सांगितलें: 'उद्' हा उपसर्ग, 'आस्' म्हणजे बसणें हा धातु, त्याला 'आन' हा प्रत्यय. नियमाप्रमाणें 'आसान' व्हावयाचें. परंतु या एका धातूपुढें प्रत्ययाच्या आकाराचा ईकार होतो, आणि तेवढ्यासाठीं पाणिनीनें स्वतंत्र सूत्र केलें आहे. म्हणून आसीन, म्हणून उदासीन. उदासीन म्हणजे वर, बाजूला, अलग जाऊन बसलेला. संस्कृतांत त्याचा अर्थ तटस्थ असा आहे. गीतेच्या बाराव्या अध्यायांत तर तो भक्ताचा गुण म्हणून सांगितला आहे. मराठींत मात्र त्याला खिन्नतेचा रंग चढला.

मुलगा लिहून घेत होता. पेन्सिल थांबवून म्हणाला, "म्हणजे उदास माणूस लांब जाऊन बसलेला असतो."

"होय."

"आणि 'उप' म्हणजे जवळ. मग उप आणि आस् म्हणजे जवळ बसणें. म्हणजे उपासना, ना गुरुजी?"

मीं चौतीस वर्षें संस्कृत शिकविलें. 'उदासीन' शिकविलें आणि 'उपासना'हि शिकविली. दोहोंत एकच धातु आहे, हें मला ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण हे दोन शब्द शेजारीं शेजारीं ठेवून मीं कधीं पाहिले नव्हते. ते त्या पंधरा वर्षांच्या मुलानें ठेवले, आणि त्याला कांहीं विशेष केल्याची वार्ताहि नव्हती. तो गेल्यावर मी पुष्कळ वेळ तसाच बसलों. मग अहिराणींतलें तें 'बठा' आठवलें. आपलें 'बसणें' संस्कृतांतल्या 'उपविश्'पासून आलें, आणि 'बठणें' 'उपविष्ट'पासून. म्हणजे त्या बाईच्या आमंत्रणांतहि तो 'उप' होताच; इतक्या पिढ्यांच्या तोंडीं झिजून तो दिसेनासा झाला होता, इतकेंच. धातु निराळा, पण उपसर्ग तोच. मी अलग बसलों होतों. आणि तिनें मला जवळ बसविलें होतें.

भगिनी, आपल्या पत्राचें उत्तर द्यावयाचें तर तें मला येथें सांपडतें. मन खालीं गेलेलें असतां जे लहान लहान क्षण त्याला वर काढतात, त्यांची मीं पुढें हौसेनें टिपणें ठेवलीं. ते सारे एकाच जातीचे निघाले. त्या क्षणांत आपण कशाच्या तरी जवळ जाऊन बसलेले असतों. कधीं माणसाच्या, कधीं झाडाच्या, कधीं नुसत्या एखाद्या कामाच्या. सुख 'मिळविण्या'साठीं आपण बसलेले नसतों. म्हणूनच बहुधा तें मिळतें.

आतां त्या लाजेचें काय, जिच्यामुळें मला रात्रभर झोंप आली नाहीं? तिचें उत्तर मला भरतमुनींच्या जुन्या हिशेबांत मिळालें. नाट्यशास्त्रांत भावांची वांटणी केली आहे. रति, हास, शोक इत्यादि आठ भाव स्थायी. ते तळाशीं टिकून राहतात. विषाद, ग्लानि, चिंता, हर्ष इत्यादि तेहेतीस भाव व्यभिचारी अथवा संचारी. म्हणजे येऊन जाऊन असणारे. ही यादी मीं मुलांकडून पाठ करून घेतली होती. पण तींत कोण कोठें बसला आहे, हें लक्ष देऊन तेव्हांच प्रथम पाहिलें. शोक स्थायी आहे. विषाद संचारी आहे. आणि हर्षहि संचारीच आहे. भरीत फुटून जो हर्ष आला, तो माझ्या शोकाचा शत्रु नव्हता. दोघांची जागाच निराळी. त्या हर्षानें जागा केली असेल, तर ती विषादाला उठवून. शोक होता तेथेंच आहे, आणि तो तेथें असावा अशीच माझी इच्छा आहे. एकेचाळीस वर्षांच्या सहवासाचें तें माझ्याजवळ राहिलेलें धन आहे. परंतु त्याच्या दारांत विषादाला कायमचा पहारेकरी म्हणून बसविण्याचें कारण नाहीं. तोहि पाहुणा, हर्षहि पाहुणा. 'प्राघुण' या संस्कृत शब्दापासून आपला 'पाहुणा' आला. पाहुणा आला तर त्याला पाणी द्यावें, बसवावें. निघाला तर निरोप द्यावा. एकाला दार उघडें आणि दुसऱ्याला बंद, हा न्याय नव्हे.

आपल्या पत्रांत एक वाक्य आहे, 'घरांत कांहीं उणें नाहीं.' त्यांत मला अपराधाचा थोडा सूर ऐकूं आला. जणूं सर्व असून मन उदास होणें म्हणजे कृतघ्नता. तसें मुळींच नाहीं. आमच्या खान्देशाचेंच उदाहरण घ्या. त्र्यंबक बापूजी ठोमरे यांचा जन्म १८९० सालीं धरणगांवीं झाला. १९०७ सालीं जळगांवीं कविसंमेलन भरलें, डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर अध्यक्ष होते, आणि तेथें या सतरा वर्षांच्या मुलाला 'बालकवि' हें नांव मिळालें. पानाफुलांत, उन्हापावसांत, निर्झरांत ज्याला आनंद दिसला, असा दुसरा कवि मराठींत दाखवितां येणार नाहीं. त्याच बालकवींनीं 'उदासीनता' नांवाची कविता लिहिली आहे. खिन्नता कोठून येते तें आपलें आपल्यालाच कळत नाहीं, हेंच तींतलें दुःख. आनंद पाहण्याची एवढी दृष्टि असलेल्या माणसालाहि जें चुकलें नाहीं, तें आपणांस कोठून चुकणार? आणि हेंहि पाहण्यासारखें आहे, कीं अहमदनगरास रेव्हरंड टिळकांच्या घरीं त्यांना बसावयास एक जवळची जागा मिळाली होती. लक्ष्मीबाईंनीं 'स्मृतिचित्रां'त आपल्या ठोमऱ्यांविषयीं मायेनें लिहिलें आहे. १९१८ सालीं ५ मे रोजीं भादली स्थानकाजवळ रेल्वेच्या अपघातांत त्यांचा अंत झाला. वयाचीं अठ्ठावीस वर्षेंहि पुरीं झालेलीं नव्हतीं.

दुसरें उदाहरण धुळ्याचें. साक्रीहून धुळें दीड तासाच्या वाटेवर. १९३२ सालीं तेथल्या तुरुंगांत राजबंद्यांपुढें विनोबांनीं २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत अठरा रविवारीं गीतेचे अठरा अध्याय सांगितले. साने गुरुजी समोर बसून लिहून घेत. त्यांचें पुस्तक झालें, आणि तें किती घरांतून वाचलें जातें हें मीं सांगावयास नको. गीतेचा आरंभच विषादानें होतो. अर्जुन धनुष्य टाकून रथांत बसला. आणि भगवंतांनीं काय केलें, तर ते जवळून हलले नाहींत. तुरुंगाच्या भिंतींत घरादारापासून तुटलेलीं माणसें रविवारीं एकमेकांजवळ बसत होतीं, यालाच मी शब्दशः उपासना म्हणतों. 'उपनिषद्' या शब्दांतहि जवळ बसणेंच आहे. मला श्लोक कां लागूं पडले नव्हते, याचा उलगडा येथें झाला. लोकांनीं मला श्लोक ऐकविले, आणि घड्याळ पाहून ते उठले. भाजीवालीला श्लोक येत नव्हता, ती बसली.

आतां माझ्या टिपणवहींतले कांहीं क्षण आपल्यापुढें ठेवतों. ते फार साधे आहेत. चैत्रांत अंगणांतल्या निंबाचा मोहोर गळूं लागला, आणि रोज तो झाडून काढण्याचा मला त्रास वाटूं लागला. एके पहांटे खराटा फिरवितां फिरवितां पाहिलें, तों ओल्या मातीवर खराट्याच्या रेघा पंख्यासारख्या उमटलेल्या, आणि त्यांवर पुन्हां दोन-चार पांढरीं फुलें पडलेलीं. झाडून झालेलें अंगण इतकें देखणें असतें, हें झाडणाऱ्यालाच कळतें. आखाजीला माहेरीं आलेल्या मुलींनीं समोरच्या झाडाला झोके बांधले. रात्रीं उशिरापर्यंत त्या गाणीं म्हणत होत्या, आणि मी, ज्याची झोंप मुंगीच्या पावलानें मोडते, तो त्या गलबल्यांत शांत झोंपलों. आषाढांत कान नदीला पाणी आल्याची बातमी दूधवाल्यानें अशी आणली, कीं जणूं त्याच्या घरीं पुत्र झाला. मी धोतर सांवरीत पुलापर्यंत पाहावयास गेलों. गढूळ, गवतकाडी वाहून नेणारें तें पाणी; पण पुलावर उभे असलेले सारे लोक एकमेकांकडे पाहून उगीचच हंसत होते. एकदां ब्राह्मणवेलच्या बाजूनें एस्. टी. नें येतांना पठारावरच्या पवनचक्क्या दिसल्या, शेजारच्या लहानग्यानें मला विचारलें, "आजोबा, यांना चक्कर येत नाहीं का?" या प्रश्नाचें उत्तर अद्याप मला सुचलेलें नाहीं. गेल्या श्रावणांत नागपंचमीनंतरच्या रविवारीं कानबाई बसली, तेव्हां भाजीवालीनें दर्शनाला बोलाविलें. कानबाईचा रोट भाऊबंदांतच खावयाचा. आम्ही केवळ दर्शनाचे धनी. पण तिनें आपल्या नातवंडांना माझी ओळख करून देतांना सांगितलें, कीं हे वांगें फोडणारे गुरुजी. चौतीस वर्षांच्या नोकरींत मला इतकी झटपट प्रसिद्धि कधीं मिळाली नव्हती.

यांतला एकहि क्षण मीं योजून आणलेला नाहीं. अशा पाहुण्यांना आमंत्रण पाठवितां येत नाहीं. 'आज मला आनंद झाला पाहिजे' म्हणून कोणी नदीवर गेला, तर नदी त्याला पाणीच दाखवील, दुसरें कांहीं नाहीं. आपल्या हातीं एवढेंच, कीं दार उघडें ठेवावें आणि पायरीवर बसावें. मी तीन गोष्टी पाळतों. दिवसांतून एकदां हातांनीं करावयाचें एक काम, मग तें निवडणें असो कीं झाडणें. एकदां घराबाहेर अर्धा तास, कोणी भेटो वा न भेटो. आणि कोणीं कांहीं विचारलें, तर 'माझ्याच्यानें होणार नाहीं' असें पहिल्या क्षणीं म्हणावयाचें नाहीं. याहून मोठा उपाय मला ठाऊक नाहीं. आपली दुपारची भांडीं आवरून झालेली वेळ हीच जर जड जात असेल, तर तीच घटका कोणाच्या तरी जवळ घालवून पाहावी. शेजारच्या एखाद्या मुलाचा पाढा ऐकावा. नाहीं तर कुंडींतल्या तुळशीची माती उकरावी.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगतों. कांहीं औदासीन्य पाहुणा नसतें, आजार असतें. आठवडेच्या आठवडे झोंप नाहीं, अन्नावर वासना नाहीं, कोणताच क्षण मनाला शिवत नाहीं, जगणेंच नकोसें वाटतें, अशी स्थिति असेल, तर वांगीं-मेथीच्या गोष्टींवर विसंबूं नये. ताप आला असतां आपण डॉक्टरांकडे जातों, तसेंच येथेंहि जावें; त्यांत कमीपणा नाहीं. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारनें 'टेलि-मानस' नांवाची सोय केली आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन केला असतां आपल्या भाषेंत बोलणारा जाणकार माणूस मिळतो. तेंहि एक जवळ बसणेंच आहे, तारेवरून कां होईना.

मी आज सुखी झालों आहें, असें लिहिलें तर तें खोटें होईल. सांजवेळ अजून जड जाते. गोष्ट सांगावयास मी अजून माजघराकडे वळतों. पण आतां वळल्यावर थांबत नाहीं. ती गोष्ट मनांतल्या मनांत तिला सांगून टाकतों, आणि मग उरलेलें हंसूं हंसून घेतों. दिनदर्शिकेचें पान मी वेळेवर उलटतों. जानेवारीचें तें डागाळलेलें पान मात्र जपून ठेवलें आहे. तो मुलगा संस्कृतांत चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाला, आणि आतां आपल्या धाकट्या बहिणीला माझ्याकडे घेऊन येतो.

आणि भगिनी, हें उत्तर लिहितांना चार दुपारी माझ्या कशा सरल्या, तें मला कळलें नाहीं. आपण विचारलेंत, म्हणून मी आपल्या प्रश्नाजवळ बसलों. तेव्हां या महिन्याचा पाहुणा म्हणजे आपलें पत्रच होय. त्याबद्दल मी आपला ऋणी आहें.

असो. बाहेर पायरीवर पाटी टेंकल्याचा आवाज झाला. आज मेथी पुष्कळ दिसते. उठलें पाहिजे.